आर्ट्सला जाऊन काय करणार?

भाकरी थापत असाल तर थापत राहा, शेंगा फोडत असाल तर फोडत राहा. आजची गोष्ट हातातलं काम न सोडता ऐकण्यासारखी आहे.

मागच्या महिन्यात आमच्या एका गटाची बैठक होती. बचत गोळा झाली, हप्ते आले, दंडाचे पैसे वहीत चढले. मग अंतर्गत कर्जाचे अर्ज निघाले. पहिला शेळीसाठी. मंजूर. दुसरा मुलाच्या आजारपणासाठी. मंजूर. तिसरा अर्ज एका काकूंचा होता. सहा हजार रुपये, सुनेच्या बीएच्या फीसाठी. पुस्तकं आणि जाण्यायेण्याचा खर्चही त्यातच.

सगळ्या गप्प झाल्या. मग एक आक्का म्हणाल्या, "शेळी घेतली तर वर्षात दोन करडं तरी होत्यात. आर्ट्सला जाऊन काय मिळतंय?" दुसरी म्हणाली, "नर्सिंग असतं तर गोष्ट वेगळी." तिसरीनं हळूच सांगितलं, "शिकली आन् निघून गेली तर हप्ता कोण भरणार?" काकू खाली मान घालून बसल्या होत्या. सून घरी होती. बैठकीला तिला कोणी बोलावलंच नव्हतं.

मी गटाची समन्वयक. मत द्यायचा हक्क मला नाही, तो सभासदांचा. मी एवढंच म्हणाले की हा विषय पुढच्या बैठकीला घेऊ, तोवर मी जरा वाचून येते. कारण मीसुद्धा बीएच आहे, तेही आर्ट्सचीच. हा प्रश्न मला माझ्या लग्नानंतर इतक्यांदा विचारला गेलाय की उत्तर तोंडपाठ असायला हवं होतं. पण त्या दिवशी मला बोलता आलं नाही.

वाचायला लागले तेव्हा कळलं की हा प्रश्न आपल्या गटात जन्मलेला नाही. तो आपल्या पणजीच्याही आधीचा आहे.

पुण्यात १८८४ साली मुलींची मोठी शाळा निघाली, हुजूरपागेची. त्यावर वर्तमानपत्रांत केवढं वादळ उठलं! मुलींना शिकवा, पण काय शिकवा, किती तास शिकवा, यावरून. लोकमान्य टिळकांच्या ‘केसरी’चं म्हणणं असं की मुलांचाच अभ्यास मुलींना कशाला? त्यांना घरसंसाराला लागेल तेवढं मराठी, शिवणकाम, नीतिधर्म पुरे. त्याच टिळकांचे एकेकाळचे सोबती आगरकर. त्यांनी ‘सुधारक’मध्ये उलट लिहिलं की मुलगा-मुलगी दोघांना एकच शिक्षण द्या आणि एकत्र बसवून द्या. म्हणजे भांडण शिकवायचं की नाही यावर नव्हतंच फारसं. भांडण ‘कशाला?’ या शब्दावर होतं. आपल्या आक्कांनी विचारलं तेच.

या भांडणाच्या मधोमध एक माणूस उभा राहिला, तो म्हणजे धोंडो केशव कर्वे. त्यांची ओळख पुस्तकात ‘महर्षी’ म्हणून होते, त्यामुळे ते जन्मतःच दाढीवाले आजोबा असावेत असं वाटतं. पण हा कोकणातल्या मुरूडचा, साध्या घरातला मुलगा. सहावीच्या परीक्षेला बसायचं म्हणून मुरूडहून साताऱ्याला चालत आला होता. शंभर मैलांच्या वर वाट, घाट चढून, चार दिवसांत. आणि इथं पोचल्यावर परीक्षकानं त्याच्याकडे बघून सांगितलं, तू वयानं लहान दिसतोस, तुला बसता येणार नाही. आल्या पावली परत. मी साताऱ्याची असल्यानं मला हे वाचून उगीच लाज वाटली. आपल्या गावानं त्या पोराला पाणी तरी विचारलं असेल ना?

हेच कर्वे पुढं पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवू लागले. टिळकांनी सोडलेली जागा होती ती. पहिली पत्नी वारली तेव्हा त्यांनी ठरवलं की पुन्हा लग्न करायचं तर विधवेशीच. १८९३ साली गोदूबाईंशी लग्न झालं. गोदूबाई आठव्या वर्षीच विधवा झालेल्या. पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकायला गेलेली पहिली विधवा विद्यार्थिनी त्याच. लग्नानंतर त्या आनंदीबाई झाल्या, पण सगळे त्यांना बाया म्हणत. मुरूडनं या जोडप्याला वाळीत टाकलं.

१८९६ मध्ये कर्व्यांनी विधवांसाठी संस्था काढली. १९०० साली ती पुण्याबाहेर हिंगण्याला गेली. रावबहादूर गोखले यांनी जमीन दिली, तिच्यावर एक झोपडी. आज तिथं कर्वेनगर आहे, मोठमोठ्या इमारती आहेत. तेव्हा माळरान होतं. कर्वे कॉलेजातलं शिकवणं उरकून रोज चालत हिंगण्याला जायचे, पावसाळ्यात चिखल तुडवत.

आता इथं मला एका बाईंबद्दल सांगायचं आहे. पुस्तकात त्यांचं नाव ओळीभर येतं आणि पान उलटतं. पार्वतीबाई आठवले. बायांच्या धाकट्या बहीण. जन्म १८७० चा, देवरुखचा. विसाव्या वर्षी नवरा गेला, पदरात एक मुलगा. केशवपन झालेलं. त्या हिंगण्याला आल्या तेव्हा लिहितावाचता येत नव्हतं म्हटलं तरी चालेल. वयानं मोठं झाल्यावर पाटी हातात घेतली. पुढं त्याच आश्रमाच्या कारभाराला लागल्या आणि वर्गणी गोळा करायला गावोगाव हिंडल्या. अनोळखी गावात उतरायचं, चार घरच्या बायका जमवायच्या, बोलायचं, झोळी पुढं करायची, पावती फाडायची. आपल्यातल्या ज्या ज्या बाईनं गट बांधण्यासाठी पहिल्यांदा दुसऱ्या वस्तीवर जाऊन दार वाजवलंय, तिला हे काम काय असतं ते सांगायला नको.

बोलताना त्यांना एक अडचण जाणवायची. मोठ्या लोकांकडे गेलं की इंग्रजी लागायचं. मग काय करावं बाईनं? १९१८ साली, अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, त्या अमेरिकेला गेल्या. इंग्रजी शिकायला आणि संस्थेसाठी पैसा उभा करायला. ओळखदेख नाही, भाषा नाही. तिथं लोकांच्या घरी घरकामं केली, भांडी घासली, त्यातूनच भाषा शिकल्या. १९२० साली परत आल्या. ‘माझी कहाणी’ या नावानं त्यांनी सगळं लिहून ठेवलंय. शिकून काय करणार हे त्यांना कोणी विचारलं असतं तर काय म्हणाल्या असत्या कोण जाणे. त्यांनी कुठली पदवी घेतली नाही. पण त्या ज्यासाठी पैसे मागत फिरल्या, त्यातून पुढं बायकांचं विद्यापीठ उभं राहिलं.

ती गोष्ट अशी. काशीहून कर्व्यांना टपालानं एक पुस्तिका आली होती. जपानात तोक्यो शहरात १९०१ साली बायकांचं वेगळं विद्यापीठ निघालं होतं, नारुसे नावाच्या गृहस्थांनी काढलेलं, त्याची माहिती. कर्व्यांनी ती चाळली आणि बाजूला ठेवून दिली. कामाच्या रगाड्यात आपणही ठेवतो तशी. पुढं १९१५ च्या डिसेंबरात मुंबईला सामाजिक परिषदेचं अध्यक्षपद त्यांच्याकडे आलं. भाषणात काय बोलावं म्हणून शोधाशोध करताना ती पुस्तिका पुन्हा हाती लागली. भाषणात त्यांनी सांगून टाकलं की आपल्याकडेही असं विद्यापीठ हवं.

आणि सहा महिन्यांत काढलंसुद्धा. १९१६ चा जून. कर्वे तेव्हा अठ्ठावन्न वर्षांचे. आपल्याकडे या वयाला माणूस नातवंडं खेळवतो. डॉक्टर रामकृष्ण गोपाळ भांडारकर कुलपती झाले, रँग्लर परांजपे कुलगुरू झाले. जुलैत कॉलेज सुरू झालं, हिंगण्यालाच. विद्यार्थिनी किती? पाच. विद्यापीठाला सरकारी छदाम नाही, मंजुरीचा कागद नाही आणि वर्गात पाच जणी. आपला गट दहा जणींचा असतो, तो तरी बरा.

शिकवायचं काय ठरलं, ते नीट ऐका. शिकवण्याची भाषा मराठी. देशातली बाकी बहुतेक कॉलेजं तेव्हा इंग्रजीतून शिकवत होती. इतिहास असो, तत्त्वज्ञान असो, आधी इंग्रजीचा डोंगर चढायचा आणि मग विषय. कर्व्यांनी तो डोंगर वाटेतून बाजूला केला. इंग्रजी हा एक विषय म्हणून सक्तीचा ठेवला, बाकी सगळं मातृभाषेत. जोडीला आरोग्यशास्त्र आणि गृहजीवनशास्त्र सक्तीचं. गणित मात्र ऐच्छिक. गणिताच्या प्राध्यापकानंच गणित ऐच्छिक केलं! या पदवीला नावही देशी दिलं, ‘गृहीतागमा’, म्हणजे जिनं विद्या ग्रहण केली ती. लोक तिला थोडक्यात जीए म्हणत. पुढच्याच वर्षी, १९१७ ला, प्राथमिक शाळेच्या शिक्षिका तयार करायचं ट्रेनिंग कॉलेज निघालं. म्हणजे भाषा, इतिहास, समाज आणि अध्यापन हे चार विषय बायकांसाठी आपल्याच बोलीत एका छपराखाली आले.

मातृभाषेचं मला मनापासून पटतं. गणित सोडून देण्याचं नाही पटत. बायकांना घरच सांभाळायचं आहे, तर तेच नीट शिकवू, असा त्यात एक धागा होता. आगरकर असते तर नक्की भांडले असते. पण आगरकर १८९५ लाच गेले. आज आपल्या गटात व्याजाचा हिशेब करताना ज्या बायकांचा हात थांबतो त्या बघितल्या की मला वाटतं, सक्तीचं काही करायचंच होतं तर हिशेब करायला हवा होता.

पैशाचं काय झालं? चार वर्षं छोट्या छोट्या वर्गण्यांवर गाडा चालला. १९२० साली मुंबईचे गिरणीमालक सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लाख रुपये देऊ केले. त्या काळचे पंधरा लाख! त्यांनी जपानचं ते विद्यापीठ स्वतः जाऊन पाहिलं होतं. देणगी आईच्या नावानं दिली. तिचं नाव नाथीबाई. म्हणून त्या विद्यापीठाचं नाव झालं श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठ, आपण ज्याला एसएनडीटी म्हणतो ते. माझ्या ओळखीच्या एका बाईंनी तिथून पदवी घेतली, पण एसएनडीटीतला ‘एन’ म्हणजे एका बाईचं नाव आहे हे त्यांना माहीत नव्हतं. मलाही नव्हतं.

या विठ्ठलदासांची आणखी एक ओळख आहे, ती आपल्या कामाची. १९११ साली लल्लूभाई सामळदास यांच्या सोबतीनं त्यांनी बॉम्बे सेंट्रल को-ऑपरेटिव्ह बँक काढली. गावोगावच्या पतसोसायट्यांना पैसा पुरवणारी बँक. आज तिला महाराष्ट्र राज्य सहकारी बँक म्हणतात. सावकाराच्या दारात न जाता शेतकऱ्याला कर्ज मिळावं यासाठी ज्यानं बँक उभी केली, त्यानंच बायकांच्या पदवीसाठी तिजोरी उघडली. आपल्या आक्कांना शेळीचं कर्ज आणि बीएचं कर्ज ही दोन टोकं वाटली. त्या माणसाला ती वाटली नसावीत.

पण एक गोष्ट पैशानंही सुटली नाही. मान्यता. सरकारच्या लेखी ही पदवी पदवीच नव्हती. मुंबई विद्यापीठाची बीए आणि हिंगण्याची जीए या दोघी नोकरीला गेल्या तर खुर्ची कुणाला मिळणार ते सांगायला नको. शिकल्या, परीक्षा दिल्या, पास झाल्या, आणि कागद मात्र कच्चा. १९३६ साली विद्यापीठाचं ठाणं मुंबईला गेलं. कायदा व्हायला १९४९ उजाडलं आणि पूर्ण कायदेशीर दर्जा १९५१ साली मिळाला. १९१६ ते १९५१, मोजा किती वर्षं झाली. पस्तीस. त्या पस्तीस वर्षांत ज्या मुली तिथं गेल्या, त्यांच्या आईबापांना शेजाऱ्यांनी काय काय ऐकवलं असेल!

आणि एक खरं बोलायला हवं, नाहीतर गोष्ट फार गोड होईल. हिंगण्याच्या त्या झोपडीत आपल्या पणज्या नव्हत्या. सुरुवातीला तिथं आल्या त्या बहुतेक ब्राह्मण घरांतल्या विधवा. शेतात राबणाऱ्या, गावकुसाबाहेरच्या बायांसाठी ते दार नव्हतं. त्यांच्यासाठी दार उघडलं होतं ते त्याच्याही अर्धशतक आधी, १८४८ साली, पुण्यातच. सावित्रीबाई आणि जोतीराव फुल्यांनी. सावित्रीबाईंनी आधी स्वतः शिक्षिकेचं प्रशिक्षण घेतलं आणि मग फळ्यापुढं उभ्या राहिल्या. आज कॉलेजात बीएड करतात त्याचं मूळ शोधायचं तर मी तिथं जाऊन थांबेन.

आणि साताऱ्यात आपल्या भाऊराव पाटलांचं काम. १९१९ ला कऱ्हाडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था सुरू झाली, १९२४ ला साताऱ्यात सगळ्या जातींच्या मुलांचं वसतिगृह आलं. पोरांच्या तोंडात घास पडावा म्हणून लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रही. साताऱ्याचं शिवाजी कॉलेज १९४७ साली निघालं, कमवा आणि शिका म्हणत. लक्ष्मीबाई त्याआधी सतरा वर्षं, १९३० सालीच गेल्या होत्या. त्यांचं मंगळसूत्र कुठल्या कर्जवहीत चढलेलं नाही.

आता मूळ मुद्द्यावर येते. सुनेच्या शिक्षणासाठी कर्ज द्यावं का?

हे वाचताना एक प्रसंग सापडला आणि मी पुस्तक मिटून बराच वेळ तशीच बसले. कर्व्यांच्या घरात एक सून आली, इरावती. जन्म १९०५ चा, ब्रह्मदेशातला. हुजूरपागेत शिकली, म्हणजे ज्या शाळेवरून भांडण झालं तिथंच. मग फर्ग्युसनमधून बीए, तत्त्वज्ञान घेऊन. मग मुंबईला घुर्ये यांच्याकडे समाजशास्त्रात एमए, १९२८ साली. लग्न झालं कर्व्यांच्या मुलाशी, दिनकररावांशी. पुढं जर्मनीला जाऊन पीएचडी करायचं तिनं ठरवलं, नवरा पाठीशी होता. आणि विरोध कुणी केला? सासऱ्यांनी. होय, त्याच कर्व्यांनी. बायकांचं विद्यापीठ काढणाऱ्यांनी. जगाच्या लेकींना शिकवायला निघालेला माणूस घरच्या सुनेपाशी येऊन अडखळला.

त्यांची टिंगल करायला मी हे सांगत नाही. आपल्या ग्रामसंघात मुलींच्या शिक्षणावर तडफेनं बोलणाऱ्या बाया मी पाहिल्यात, आणि त्यांच्याच घरी सुनेचं दप्तर माळ्यावर गेलेलं पाहिलंय. दूरच्याला शिकवणं सोपं असतं. घरातली शिकायला निघाली की सैपाक कोण करणार, लोक काय म्हणतील, ती बदलली तर, असे प्रश्न उठतात.

मग इरावतीबाई गेल्या कशा? कर्ज काढून. काँग्रेसमधले जीवराज मेहता, जे पुढं गुजरातचे पहिले मुख्यमंत्री झाले, त्यांनी कर्जाऊ पैसे दिले. १९२८ च्या अखेरीला त्या बर्लिनला पोचल्या आणि १९३० ला पीएचडी घेऊन परत आल्या. तिथल्या प्राध्यापकाला सिद्ध करायचं होतं की गोऱ्या माणसाची कवटीच वेगळी, म्हणून त्याची अक्कल जास्त. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि सांगितलं, असा काही फरक दिसत नाही. कर्ज काढून परमुलखात गेलेली पंचविशीतली बाई, आणि ज्याच्या हातात मार्क, त्यालाच हे सांगतेय.

परत आल्यावर त्या कुठं कामाला लागल्या? १९३१ ते १९३६ सासऱ्यांच्याच महिला विद्यापीठात, निबंधक म्हणून. सगळा कारभार, परीक्षा, कागदपत्रं त्यांच्या हाताखाली. १९३९ पासून डेक्कन कॉलेजात. आता तुम्ही म्हणाल, बर्लिनची पीएचडी आणि आमच्या गावच्या सुनेची बीए यांचा काय मेळ? तर त्यांनी शिकून काय केलं ते बघा. त्या खेड्यापाड्यांत हिंडल्या. कुठल्या समाजात मामाला काय म्हणतात, आत्याच्या मुलाशी लग्न चालतं की मामाच्या, हे विचारत फिरल्या. आपण ज्याला नातीगोती म्हणतो आणि दिवसभर ज्यात गुंतलेलो असतो, त्यावर त्यांनी जाडजूड ग्रंथ लिहिले. कोयनेच्या धरणात ज्यांची गावं बुडाली, त्या लोकांचं पुढं काय झालं याची पाहणी केली. ऐकणाऱ्यांत कोयनेच्या काठावरून उठवलेल्या घरांतल्या लेकी-सुना नक्की असतील. तुमच्या आज्यांना तेव्हा कुणीतरी येऊन विचारलं होतं, घर किती खणांचं होतं, जमीन मिळाली का, नव्या जागी पाणी आहे का. ते विचारणं म्हणजेच समाजशास्त्र. आणि आठवडी बाजार! बाजारात कोण कुठल्या गावाहून येतं, काय विकतं, काय घेऊन जातं, विकण्याघेण्याशिवाय तिथं आणखी काय चालतं, याचाही अभ्यास त्यांनी सहकारी बाईंसोबत केला. तो छापून आला १९७० साली, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्या वारल्या.

आपण दर आठवड्याला बाजारात जातो. मेथीची जुडी, सुकट, पोराची चप्पल, माहेरची खबर. हे कुणी विद्यापीठात बसून लिहिण्याजोगं आहे असं आपल्याला कधी वाटलं होतं का? मला तरी नव्हतं वाटलं.

माझं स्वतःचं थोडं सांगते. माझं लग्न झालं तेव्हा बारावी राहिली होती. धाकटा अंगणवाडीत जायला लागला तेव्हा कुणीतरी सांगितलं की नाशिकच्या मुक्त विद्यापीठात पूर्वतयारी परीक्षा देऊन बीएला बसता येतं. १९८९ साली निघालेलं यशवंतराव चव्हाणांच्या नावाचं हे विद्यापीठ. रविवारी अभ्यासकेंद्रावर तास असायचे. वर्गात एक पोलीस हवालदार होते, दोन अंगणवाडी सेविका होत्या, आणि एक आजी होत्या ज्यांचा नातू दहावीला होता. पुस्तकं मराठीत. तेव्हा मला ते साधं वाटलं. त्या मराठीमागं हिंगण्याच्या पाच मुली उभ्या आहेत हे आता कळतंय.

बीए करून मला काय मिळालं? मोठी नोकरी नाही मिळाली. पण ग्रामपंचायतीत पहिल्यांदा ठराव वाचला तेव्हा तो कळला. अर्थशास्त्राच्या पुस्तकात व्याजाचं, सहकाराचं वाचलं होतं, म्हणून बँकेच्या साहेबांना विचारता आलं की आमच्या गटाच्या खात्यातून हे शंभर रुपये कसले कापले. आणि हे समन्वयकाचं काम मिळालं, त्याच्या जाहिरातीत ‘कुठल्याही शाखेची पदवी’ असं लिहिलं होतं. पदवी नसती तर अर्जच करता आला नसता. शेळीची दोन करडं लगेच दिसतात, हे आक्कांचं म्हणणं खोटं नाही. माझी करडं दिसायला सात वर्षं लागली.

फीचे पैसे भरण्याआधी मात्र एक चौकशी करायची. ज्या कॉलेजात किंवा केंद्रात नाव घालायचं, त्याला विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्यता आहे का, आणि ज्या कोर्ससाठी पैसे घेतायत त्या कोर्सला आहे का, हे कागदावर दाखवायला सांगायचं. आमच्या भागातल्या एका मुलीनं घरबसल्या पदवीच्या नावाखाली दोन वर्षं पैसे भरले आणि नंतर कळलं की तो कागद कुठंच चालत नाही. पस्तीस वर्षं थांबायची वेळ आज कुणावर यायला नको. संकोच करू नका, दोघीतिघी मिळून जा.

हे सगळं मी परवाच्या बैठकीत सांगितलं. जरा लांबलंच, एक मावशी पेंगल्या. यावेळी काकूंच्या सुनेला बोलावलं होतं. आक्कांनी तिला विचारलं, विषय कुठला घेणार? ती म्हणाली, "इतिहास नाहीतर समाजशास्त्र. अजून ठरवलं नाही." आक्का म्हणाल्या, "ठरव आधी." मग बराच वेळ हप्त्यावर घासाघीस झाली. सहा हजार एकदम नको, सत्राच्या फीप्रमाणं दोनदा तीन-तीन हजार द्यायचे असं निघालं. निघून गेली तर, हा प्रश्न पुन्हा आला. तेव्हा काकू पहिल्यांदा मान वर करून बोलल्या, "हप्ता माझ्या नावावर लावा. कर्ज मी घेतेय."

ठराव झाला. अकरापैकी आठ जणींनी हात वर केले. ज्या तिघींनी केले नाहीत, त्यांत आक्का होत्या. कर्जवहीत कारणाच्या रकान्यात लिहायची वेळ आली तेव्हा सचिव थांबली. आजवरची सगळी पानं उलटून बघितली. शेती, शेळी, दवाखाना, घरदुरुस्ती, लग्न. मग तिनं खाली नवीन ओळीत लिहिलं, ‘सुनेचं शिक्षण’, आणि सहीसाठी वही काकूंकडे सरकवली.